मालक नसलेल्या नाण्याचे नियम कोण ठरवतो?

काही वर्षांपूर्वी देशात ठिकठिकाणी दुकानदार दहा रुपयांचे नाणे घेईनासे झाले. हे नाणे खोटे आहे, बंद झाले आहे, अशी आवई उठली होती. शेवटी जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले, की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत आणि लोकांनी ते बिनदिक्कत घ्यावेत. कायदा नाण्याच्या बाजूने होता, टाकसाळ आणि रिझर्व्ह बँकही त्याच बाजूला होत्या. तरीही वाण्याने ‘चालत नाही’ म्हटले, की त्या दुकानापुरते ते नाणे खरोखरच चालत नसे. पैसा चालवणाऱ्याइतकाच पैसा घेणाराही महत्त्वाचा असतो, हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही. कारण घेणाऱ्याच्या नकारावर मात करायला सरकारजवळ कर, कोर्ट आणि कायदा असतो. आता या चित्रातून रिझर्व्ह बँक, टाकसाळ आणि कायदा हे तिन्ही काढून टाका. उरतात फक्त देणारे आणि घेणारे. बिटकॉइनचा कारभार समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

बिटकॉइनला कंपनी नाही, अध्यक्ष नाही, घटना नाही. २००८मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने एका निबंधातून ही योजना मांडली गेली आणि जानेवारी २००९मध्ये जाळे सुरू झाले. पुढे दोनेक वर्षांत हे नाव वावरायचे थांबले. तरीही बिटकॉइनचे नियम बदलत आले आहेत. २०१७ आणि २०२१मध्ये त्यात मोठे बदल झाले. मग ते कोणी मंजूर केले? एक उत्तर येते ‘प्रोग्रॅमरांनी’, दुसरे ‘मायनरांनी’ आणि तिसरे ‘कोणीच नाही, ते आपोआप होते’. तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. या जाळ्यात आज्ञा देण्याचा अधिकार कोणालाच नाही, पण नाकारण्याचा अधिकार अनेकांना आहे. आणि त्या नकारांमध्ये सर्वांत वजनदार नकार आहे तो नाणे मोबदल्यात घेणाऱ्याचा. हे वजन सर्वांना सारखे मिळालेले नाही, म्हणून या व्यवस्थेला लोकशाही म्हणणेही चुकीचे ठरेल.

नियम राहतात कुठे?

बिटकॉइन म्हणजे मुळात एक सामाईक खातेवही. कोणी कोणाला किती दिले, याच्या नोंदी तीत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या नोंदींचा एक गठ्ठा तिला जोडला जातो. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात आणि एकापुढे एक जोडलेल्या ब्लॉकांच्या मालिकेला साखळी. ब्लॉक जोडण्याची संधी मिळावी म्हणून जगभरचे मायनर भरमसाट वीज खर्चून, संगणकांकरवी आकड्यांचे एक किचकट कोडे सोडवत असतात. ज्याला उत्तर आधी सापडते, तो ब्लॉक तयार करतो आणि त्या बदल्यात नवी नाणी स्वतःच्या नावे लिहून घेतो. हे बक्षीस साधारण चार वर्षांनी निम्मे होते. सुरुवातीला ते ५० बिटकॉइन होते. एप्रिल २०२४पासून ३.१२५ आहे. या घटत्या क्रमामुळेच एकूण नाणी कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जात नाहीत.

पण मायनरने ब्लॉक तयार केला, म्हणजे तो खातेवहीत गेला असे होत नाही. जाळ्यात हजारो संगणक असे असतात, जे मायनिंग करत नाहीत. नुसती तपासणी करतात. त्यांना नोड म्हणतात. एखादा ब्लॉक नोडपर्यंत पोहोचला, की काही क्षणांत त्याची झडती सुरू होते. कोड्याचे उत्तर बरोबर आहे का? प्रत्येक देवघेवीवर खऱ्या मालकाची डिजिटल सही आहे का? जी नाणी खर्चली जात आहेत, ती आधीच कुठे खर्चलेली नाहीत ना? ब्लॉक ठरलेल्या मापात बसतो का? मायनरने बक्षीस ठरल्यापेक्षा जास्त तर घेतलेले नाही? समजा, एखाद्या मायनरने ३.१२५ ऐवजी ४ बिटकॉइन स्वतःच्या नावे लिहिले. बाकी सगळे बिनचूक असले, त्याने लाखो रुपयांची वीज जाळलेली असली, तरी नोड तो ब्लॉक टाकून देतो आणि पुढे कोणाला पाठवतही नाही. दाद मागायला वरचे कार्यालय नाही. नियम कागदावर लिहून कुठे जपलेले नाहीत. ते या प्रत्येक नोडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये राहतात. सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे ‘बिटकॉइन कोअर’. मोबाइलवरची अ‍ॅप रात्रीतून आपोआप अद्ययावत होतात, तसे ते होत नाही. नवी आवृत्ती घ्यायची की जुनीच ठेवायची, हे नोड चालवणारा ठरवतो.

नियमबदलाचे दोन प्रकारही इथेच समजून घेऊ. पहिल्यात नियम अधिक कडक होतात. नव्या नियमाने बनवलेला ब्लॉक जुन्या सॉफ्टवेअरलाही चालतो, त्यामुळे जुने नोड जाळ्यातून बाहेर पडत नाहीत. याला सॉफ्ट फोर्क म्हणतात. दुसऱ्यात नियम सैल होतात. आधी जे निषिद्ध होते, ते आता चालणार असते. जुने नोड असे ब्लॉक नाकारतात, म्हणून सर्वांनी नवे सॉफ्टवेअर घेतले नाही तर साखळी दुभंगते आणि एकाची दोन नाणी होतात. हा हार्ड फोर्क. शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: दोन साखळ्या समोर आल्या आणि दोन्ही नियमांत बसत असल्या, तर जिच्यावर अधिक श्रम खर्च झाले आहेत ती साखळी नोड खरी मानतो. अट महत्त्वाची आहे ती ‘नियमांत बसत असल्या तर’ ही. श्रम कितीही मोठे असले, तरी ते नियमभंगाची भरपाई करू शकत नाहीत.

प्रोग्रॅमरांच्या हाती काय आहे?

बिटकॉइन कोअरच्या मूळ प्रतीत बदल दाखल करण्याची किल्ली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांजवळ असते. त्यामुळे हीच मंडळी खरी सत्ताधारी, असे वाटणे साहजिक आहे. सातोशींनंतर हे काम गॅव्हिन अँड्रीसन यांच्याकडे आले. २०१४मध्ये त्यांनी ते व्लादिमीर व्हान डर लान यांच्याकडे सोपवले. प्रोग्रॅमरांच्या प्रभावाची खरी परीक्षा २०१५मध्ये झाली. त्या वेळी एका ब्लॉकची कमाल मर्यादा १ मेगाबाइट होती आणि देवघेवी वाढत चालल्याने ती अपुरी पडू लागली होती. ऑगस्ट २०१५मध्ये अँड्रीसन आणि माइक हर्न यांनी ‘बिटकॉइन एक्सटी’ नावाचे सॉफ्टवेअर पुढे आणले. मर्यादा ८ मेगाबाइटवर न्यायची आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची, असा तो बेत होता. लागोपाठच्या १,००० ब्लॉकांपैकी ७५ टक्क्यांनी पाठिंबा नोंदवला, तर तो अमलात येणार होता.

अँड्रीसन यांच्याइतके वजनदार नाव तेव्हा बिटकॉइनच्या जगात दुसरे नव्हते. सातोशींनी ज्याच्या हाती सूत्रे दिली तो हा माणूस. तरीही एक्सटी ७५ टक्क्यांच्या जवळपासही पोहोचले नाही. जानेवारी २०१६मध्ये हर्न यांनी बिटकॉइनचा प्रयोग फसल्याचे जाहीर करून रामराम ठोकला. स्वतःला सातोशी म्हणवणारे क्रेग राइट हेच खरे सातोशी आहेत, असे अँड्रीसन यांनी मे २०१६मध्ये जाहीरपणे म्हटले. अँड्रीसन यांचे खाते कोणी बळकावले तर नाही ना, या शंकेने सहकाऱ्यांनी त्यांच्याजवळची किल्ली काढून घेतली. ती त्यांना पुन्हा मिळाली नाही. प्रोग्रॅमर प्रस्ताव लिहू शकतात आणि नको असलेला प्रस्ताव वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू शकतात. ही ताकद लहान नाही. चर्चेला काय येणार, हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. पण लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या संगणकावर चालवायला ते कोणालाही भाग पाडू शकत नाहीत.

२०१७ : मायनरांची परीक्षा

बिटकॉइन कोअरच्या मंडळींनी ब्लॉकच्या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला होता. डिजिटल सह्यांचा भाग निराळा मोजून ब्लॉकमध्ये जागा मोकळी करायची, असे त्याचे स्वरूप होते, नाव ‘सेगविट’. हा सॉफ्ट फोर्क होता. नोव्हेंबर २०१६पासून मायनरांनी आपल्या ब्लॉकांत पाठिंब्याची खूण नोंदवावी आणि २,०१६ ब्लॉकांच्या, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या, एका फेरीत ९५ टक्के पाठिंबा मिळाला की बदल लागू व्हावा, असे ठरले. ही खूण खरे तर तयारी कळवण्यासाठी होती. मायनरांनी तिचा वापर मतासारखा केला आणि कित्येक महिने आकडा एक-तृतीयांशाच्या आसपास रेंगाळला. बड्या मायनरांना मोठे ब्लॉक हवे होते. ५ टक्क्यांहून थोडे अधिक मायनर अडून बसले, तरी सारे काही ठप्प राहणार होते.

कोंडी फोडायला २०१७च्या सुरुवातीला टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरने धाडसी कल्पना मांडली. तिला सुधारणा-प्रस्ताव म्हणून पुढे ‘बीआयपी १४८’ हा क्रमांक मिळाला. हे सॉफ्टवेअर चालवणारे नोड १ ऑगस्ट २०१७पासून सेगविटच्या पाठिंब्याची खूण नसलेला प्रत्येक ब्लॉक सरळ नाकारणार होते. असे नोड अल्पसंख्य होते, मग मायनरांनी त्यांची फिकीर का करावी? उत्तर सॉफ्ट फोर्कच्या रचनेत आहे. समजा, १ ऑगस्टला साखळी दुभंगली. एका बाजूला फक्त खूण असलेले ब्लॉक, दुसऱ्या बाजूला सगळे. खूणवाली साखळी जुन्या नियमांतही बसते. त्यामुळे तिच्यावरचे श्रम कधी काळी दुसरीपेक्षा वरचढ ठरले, तर जुने नोडही आपोआप तिच्याकडे वळणार आणि दुसऱ्या साखळीवर तोवर जमलेली सारी बक्षिसे एका फटक्यात पुसली जाणार. उलट दिशेने हे कधीच घडू शकत नाही, कारण बीआयपी १४८ चालवणारे नोड बिनखुणेचा ब्लॉक कधीच स्वीकारणार नाहीत. धोका एकाच बाजूला होता आणि ती बाजू मायनरांची होती. लाखो डॉलरची वीज जाळून मिळवलेले बक्षीस आठवड्यानंतरही बुडू शकते, हा हिशेब त्यांना सहज कळत होता.

दरम्यान, २३ मे २०१७ला न्यूयॉर्कमध्ये बड्या मंडळींनी एक करार केला. २२ देशांतल्या ५८ कंपन्या त्यात होत्या आणि मायनिंगच्या एकूण ताकदीपैकी ८३ टक्क्यांहून अधिक वाटा आपल्यामागे असल्याचा त्यांचा दावा होता. आधी सेगविट आणि काही महिन्यांनी हार्ड फोर्क करून मूळ मर्यादा दुप्पट, असा हा दुहेरी सौदा होता. त्याला ‘सेगविट २एक्स’ म्हणत. यानंतर मायनर भराभर हलले. ८० टक्क्यांची सोपी अट असलेली एक मधली योजना जुलैत मंजूर झाली आणि १ ऑगस्टच्या आत सगळे ब्लॉक खूण दाखवू लागले. २४ ऑगस्टला सेगविट लागू झाले. मायनरांना नोडच्या इशाऱ्याने नमवले की न्यूयॉर्कच्या कराराने, हा वाद आजही मिटलेला नाही. प्रामाणिकपणे पाहिले तर दोन्ही दाब एकाच वेळी काम करत होते.

म्हणूनच सौद्याच्या दुसऱ्या भागाचे काय झाले, हा अधिक निर्णायक पुरावा आहे. बहुसंख्य मायनर सोबत होते, नामांकित वॉलेट (नाणी सांभाळणाऱ्या) आणि एक्स्चेंज (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या) कंपन्यांच्या सह्या होत्या, सॉफ्टवेअर तयार होते आणि नोव्हेंबरचा मुहूर्तही ठरला होता. विरोधात होते कोअरचे प्रोग्रॅमर आणि नोड चालवणारे असंख्य वापरकर्ते. दोन्ही संभाव्य नाण्यांचे वायदे बाजारात आधीच सुरू झाले होते. त्यात २एक्सच्या नाण्याला मूळ नाण्याच्या तुलनेत फारच कमी भाव मिळत होता. मायनरांचे गणित भावावर चालते. स्वस्त नाण्यासाठी तीच वीज जाळणे कोणाला परवडणार? ८ नोव्हेंबर २०१७ला कराराच्या सहा अग्रणींनी, पुरेसे एकमत झालेले नाही असे सांगून, बेत रद्द केला. मायनरांचा कौल ८० टक्क्यांच्या पुढे असूनही घेणाऱ्यांनी ‘हे नाणे आम्ही बिटकॉइन म्हणून घेणार नाही’ म्हटल्यावर तो निरुपयोगी ठरला.

मोठ्या ब्लॉकचा आग्रह सोडायला तयार नसलेल्या गटाने १ ऑगस्टलाच वेगळी वाट धरली होती. त्यांनी ८ मेगाबाइटच्या मर्यादेसह ‘बिटकॉइन कॅश’ हे नवे नाणे सुरू केले. त्यांना कोणी अडवले नाही, अडवणे शक्यही नव्हते. पण बहुसंख्य घेणाऱ्यांनी बिटकॉइन हे नाव जुन्याच साखळीला दिले आणि आज बिटकॉइन कॅशची किंमत त्या तुलनेत अगदी लहान अंशावर आली आहे. या वादाच्या मुळाशी केवळ तांत्रिक मापाचा प्रश्न नव्हता, हेही इथे लक्षात येते. ब्लॉक जितके मोठे, तितका नोड चालवण्याचा खर्च जास्त. खर्च जास्त, तितके तपासणारे कमी. आणि तपासणारे कमी, तितके नाकारणारेही कमी. नकाराचा अधिकार किती हातांत राहावा, याचाच तो झगडा होता.

इथेरियमची वेगळी तऱ्हा

इथेरियम हे दुसरे मोठे जाळे. तिथे संस्थापक व्हिटालिक बुटेरिन समोर आहेत, इथेरियम फाउंडेशन आहे आणि मोठे बदल त्या मानाने वारंवार होतात. मग तिथे तरी आज्ञा चालते का? २०१६मध्ये ‘द डीएओ’ नावाच्या सामुदायिक गुंतवणूक निधीत सुमारे १५ कोटी डॉलरचे इथर, म्हणजे इथेरियमचे नाणे, जमा झाले होते. १७ जूनला त्याच्या प्रोग्रॅममधल्या चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळवले. निधीच्या नियमांनुसार ते काही आठवडे बाहेर काढता येणार नव्हते, म्हणून विचार करायला सवड मिळाली. शेवटी २० जुलैला हार्ड फोर्क करून ते पैसे मूळ मालकांना परत घेता येतील अशी सोय करण्यात आली. संस्थापक, बहुतेक प्रोग्रॅमर आणि बहुतेक मायनर एका बाजूला होते. तरीही ‘नोंद एकदा झाली की झाली’ या तत्त्वावर ठाम राहणाऱ्या थोड्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. काही दिवसांतच एका एक्स्चेंजने तिच्या नाण्याची खरेदी-विक्री सुरू केली. ‘इथेरियम क्लासिक’ नावाने ते नाणे आजही आहे. संस्थापकाचा शब्द बहुमत जमवू शकला, पण नाकारणाऱ्यांना गप्प करू शकला नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगच बंद केले. त्याऐवजी इथर तारण ठेवणाऱ्यांकडून ब्लॉक बनवून घेण्याची पद्धत आली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मायनरांची कोट्यवधी डॉलरची यंत्रे त्या दिवशी इथेरियमपुरती निकामी झाली. खरी सत्ता मायनरांची असती, तर त्यांनी स्वतःचा व्यवसाय असा संपू दिला असता का? काहींनी जुनी साखळी चालवून पाहिली. पण डॉलरशी जोडलेली दोन सर्वांत मोठी नाणी, टेथर आणि यूएसडीसी, चालवणाऱ्या कंपन्यांनी ऑगस्टमध्येच सांगून टाकले होते, की आपण नव्या पद्धतीच्या साखळीलाच मानणार. एका खऱ्या डॉलरवर दोन साखळ्यांवरची दोन नाणी हक्क सांगू शकत नाहीत. त्यामुळे जुन्या साखळीवरचे डॉलर त्याच क्षणी पोकळ ठरणार होते. इथे निर्णायक नकार आला तो नाण्याच्या बदल्यात खरा पैसा देण्याची हमी घेतलेल्यांकडून.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा, की संकटाच्या वेळी हे सगळे तत्त्वज्ञान बाजूला पडते आणि चार-दोन माणसेच निर्णय घेतात. याला आधार आहे. १५ ऑगस्ट २०१०ला बेरजेतल्या एका चुकीमुळे ७४,६३८व्या ब्लॉकमध्ये तब्बल १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण झाले. सातोशींनी काही तासांत दुरुस्ती दिली आणि तो ब्लॉक साखळीतून बाद झाला. ११ मार्च २०१३च्या रात्री तर अधिक नाजूक प्रसंग आला. सॉफ्टवेअरच्या ०.८ या नव्या आवृत्तीने नोंदी साठवण्याची पद्धत बदलली होती. जुन्या पद्धतीत एक छुपी मर्यादा होती, जी तोवर कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती. २,२५,४३०वा ब्लॉक नव्या आवृत्तीने स्वीकारला, जुनीने नाकारला आणि साखळी दुभंगली. मायनिंगची अधिक ताकद नव्या बाजूला होती. दुकाने, एक्स्चेंज आणि सामान्य वापरकर्ते मोठ्या संख्येने जुनीवर. प्रोग्रॅमरांनी मायनरांना मागे, जुन्या आवृत्तीवर यायला सांगितले. ‘बीटीसी गिल्ड’ या बड्या मायनिंग गटाने, आपली बक्षिसे बुडणार हे ठाऊक असूनही, ते मानले आणि काही तासांत जुनी साखळी पुढे गेली. निर्णय मूठभरांनी घेतला, हे खरेच. पण त्यांनी तो कोणाच्या बाजूने घेतला ते पाहा: ताकदवान साखळी सोडून त्यांनी घेणाऱ्यांची साखळी निवडली. शिवाय नुकसान उघड आणि सर्वांचे असते, तेव्हाच असे झटपट ऐकले जाते. एकाच्या फायद्याचा आणि दुसऱ्याच्या तोट्याचा बदल त्याच माणसांनी मध्यरात्री सुचवून पाहिला, तर २०१५ची गत होते.

दुसरा आक्षेप: बहुतेक लोक कोड वाचत नाहीत, नवी आवृत्ती आली की घेऊन मोकळे होतात, मग हा नकार कागदावरचाच नाही का? बिनवादाच्या बदलांबाबत हे बरोबर आहे. खासगीपणा आणि सह्यांची पद्धत सुधारणारा ‘टॅपरूट’ हा सॉफ्ट फोर्क जून २०२१मध्ये ९० टक्क्यांची अट ओलांडून मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबरला लागू झाला. फारसा गाजावाजा झाला नाही, कारण त्यात कोणाचे काही जात नव्हते. पण नकाराधिकाराचे मोल तो रोज वापरण्यात नसते. उद्या कोणी २ कोटी १० लाखांची कमाल मर्यादा उठवण्याचे सुचवले, तर ज्यांच्या साठवणीची किंमत घटणार त्यांना जुने सॉफ्टवेअर चालू ठेवण्यापलीकडे काहीच करावे लागणार नाही. नकाराला श्रम पडत नाहीत; बदलाला पडतात. याचीच दुसरी बाजू म्हणजे गरजेचे बदलही वर्षानुवर्षे अडतात. ही किंमत बिटकॉइन मोजते.

तिसरा आक्षेप असा, की मग सरळ मतदान का घेत नाहीत? नाण्यांच्या प्रमाणात मत, म्हणजे झाले. ‘स्टीम’ या जाळ्यात नेमकी हीच पद्धत होती. २०२०च्या सुरुवातीला ट्रॉन या दुसऱ्या जाळ्याचे संस्थापक जस्टिन सन यांनी त्यामागची कंपनी विकत घेतली आणि त्यांचे मतदानाने निवडलेल्या जुन्या प्रतिनिधींशी बिनसले. मार्च महिन्यात तीन मोठ्या एक्स्चेंजकडे ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानाला लावली गेली आणि जाळे चालवणारे प्रतिनिधी रातोरात बदलले. टीका झाल्यावर त्यातल्या काही एक्स्चेंजनी मते काढून घेतली. शेवटी नाराज वापरकर्त्यांनी २० मार्चला ‘हाइव्ह’ नावाचे वेगळे जाळे काढले. मतदान होते तिथेही अखेरचे हत्यार उरले ते बाहेर पडण्याचेच. आणि ठेवी ज्याच्या ताब्यात, मत त्याच्या हाती, हा धडाही मिळाला.

---

चौकट : कोणाच्या हाती काय?

• प्रोग्रॅमर : प्रस्ताव लिहितात, तपासतात, रखडवूही शकतात. सॉफ्टवेअर घेण्याची सक्ती करू शकत नाहीत.

• मायनर : कोणत्या नोंदी आधी घ्यायच्या ते ठरवतात, सॉफ्ट फोर्क लवकर लागू करू शकतात किंवा लांबवू शकतात. नियमाबाहेरचा ब्लॉक कोणाच्या गळी उतरवू शकत नाहीत.

• नोड चालवणारे : नियमांत न बसणारा ब्लॉक नाकारतात. नोडवर काही मोलाची देवघेव होत नसेल, तर त्या नकाराला वजन नसते. नुसती संख्या वाढवून उपयोग नाही.

• एक्स्चेंज, व्यापारी, फंड : साखळी दुभंगली तर कोणत्या नाण्याला मूळ नाव आणि बाजार मिळणार, यावर त्यांचा मोठा प्रभाव असतो. मात्र ग्राहकांना नको असलेले नाणे ते फार काळ चालवू शकत नाहीत.

• नाणेधारक : एक नाणे ठेवून दुसरे विकू शकतात. नाणी स्वतःच्या ताब्यात असतील तरच.

---

नकाराचे वजन कोणाकडे सरकते आहे?

सरकारे यात कुठे बसतात? ती बाजारावर बंधने घालू शकतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवसायांशी संबंध तोडायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये ते परिपत्रक रद्द केले. २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. यातून घेणाऱ्यांची संख्या आणि हौस कमी-जास्त होते, पण ब्लॉकचे माप किंवा नाण्यांची कमाल मर्यादा त्याने बदलत नाही. ती बदलायची तर कोणालाही, सरकारलासुद्धा, असे सॉफ्टवेअर लिहावे लागेल जे इतर लोक आपणहून चालवतील.

खरा बदल दुसरीकडून होतो आहे. आजवरच्या प्रत्येक प्रसंगात निर्णायक ठरला तो घेणारा. आणि घेणारे आता मोजक्या मोठ्या संस्थांच्या छत्राखाली गोळा होत आहेत. १ ऑगस्ट २०१७ला ज्यांची नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये होती, त्यांना बिटकॉइन कॅश आपसूक मिळाले. अमेरिकेतल्या कॉइनबेस या एक्स्चेंजच्या ग्राहकांना ते डिसेंबरपर्यंत हाती आले नाही, कारण कंपनीने आधी त्या नाण्याला मान्यता द्यायची नाही असे ठरवले होते. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत थेट बिटकॉइन बाळगणारे फंड शेअर बाजारात आले. त्यांतल्या ब्लॅकरॉकच्या फंडाचे माहितीपत्रक स्पष्ट सांगते, की हार्ड फोर्क झाल्यास फंडापुरते बिटकॉइन कोणते, हे व्यवस्थापक कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवील. यात लपवाछपवी नाही. पण फंडात पैसे घालणाऱ्याने, आणि एक्स्चेंजवर नाणी ठेवणाऱ्या आपल्याकडच्या गुंतवणूकदारानेही, किमतीतल्या चढउताराबरोबर दुसरी गोष्टही स्वीकारलेली असते: नियमबदलाच्या वेळी त्याचा होकार-नकार दुसराच कोणीतरी देणार.

म्हणून ‘क्रिप्टोचे नियम कोण बदलतो’ या प्रश्नाचे उत्तर एकदाच देऊन भागत नाही. रचना तीच राहूनही ते बदलू शकते. स्वतः नोड चालवायला आज पुरेशी साठवण जागा असलेला साधा संगणक आणि बरे इंटरनेट पुरते. ज्याच्याकडे हे आहे आणि जो त्यावर स्वतःची देवघेव तपासतो, त्याचा नकार कोणी काढून घेऊ शकत नाही. अशांची संख्या आणि त्यांच्यामार्फत होणारी उलाढाल भरीव राहिली, तर २०१७सारख्या प्रसंगी बड्यांचा करार पुन्हा फसू शकेल. उलाढाल जर पाच-दहा संस्थांच्या तिजोऱ्यांत एकवटली, तर पुढच्या वेळी न्यूयॉर्कच्या कराराला ५८ सह्या लागणार नाहीत, पाच-दहा पुरतील. नियमपुस्तकातले एक अक्षरही न बदलता सत्ता अशीही हलू शकते, आणि मालक नसलेल्या नाण्याला मालक मिळाला तर तो याच वाटेने मिळेल.